सिम कार्ड स्वतःच्या नावावर घे

तुझा प्रश्न वाचला आणि पहिल्याच ओळीला अडकले. ‘ताई, नैरोबीत नेट नीट चालतं का, म्हणजे आईशी रोज व्हिडिओ कॉल होईल ना?’ नवऱ्याला अकाउंट्सची नोकरी, मुलगी नऊ वर्षांची, सांगलीचं घर भाड्यानं द्यायचं की बंद ठेवायचं, शाळा कुठली, एकटं वाटतं का, हे सगळं त्यानंतर. आधी नेट. मी २०१२ साली मिरजेहून निघाले तेव्हा माझाही पहिला प्रश्न हाच होता. म्हणून उत्तर लांबणार आहे. मी तुला तू म्हणते, चालेल ना?

नेट उत्तम चालतं. देशात यायची ऑनलाइन परवानगी, परमिट, पिवळ्या तापाची लस हे सगळं सरकारी पानावर लिहिलेलं आहे, ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते की पोर्टलवर ‘अर्ज मंजूर’ दिसलं म्हणून पेढे वाटायचे नाहीत. माझ्या डिपेंडंट पासच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर बायकोला मिळतो त्या राहण्याच्या परवान्याच्या वेळी ऑनलाइन सगळं हिरवं दिसत होतं आणि कचेरीच्या खिडकीतला माणूस म्हणत होता, सिस्टीममध्ये नाव नाही. सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला नवा फोटो. चौथ्या फेरीला मी त्याच्यासमोर रडले, तर तो ‘पोले, मामा’ म्हणाला आणि जेवायला गेला. ‘मामा’ म्हणजे इथं आई, बाई. ‘पोले’ म्हणजे सॉरी, पण तुझं वाईट झालं याचं सॉरी, माझी चूक झाली याचं नव्हे. हा फरक कळायला मला दोन वर्षं लागली.

भाषेला घाबरू नकोस. गाडीला ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, रंगाला ‘रंगी’, आंब्याला ‘एम्बे’. फक्त घरकामाच्या बाईला ‘दादा’ म्हणतात, कारण स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा ‘दादा भांडी घासतोय’ म्हणून महिनाभर हसत होत्या.

आता फोनचं. इथं फोन म्हणजे निव्वळ बोलायची वस्तू नव्हे, हे आधी डोक्यात घे. आपल्याकडं यूपीआय २०१६ साली आलं. इथं एम-पेसा २००७ च्या मार्चपासून आहे, तेही साध्या बटणांच्या फोनवर, नेटशिवाय. ‘पेसा’ म्हणजे आपलाच पैसा. भाजीवाली ‘मामा म्बोगा’, बोडाबोडावाला, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणारा, शाळेची फी, देवळातली वर्गणी, सगळं त्यावरच. आणि पैसे पाठवले की समोरच्याच्या फोनवर पाठवणाऱ्याचं नाव उमटतं. ही गोष्ट लक्षात ठेव.

आल्या आल्या ह्यांनी दोन सिम कार्डं घेतली, दोन्ही स्वतःच्या पासपोर्टवर. सोयीसाठी. माझं कार्डही त्यांच्याच नावावर. त्यामुळं सहा वर्षं मी जिथं जिथं पैसे दिले तिथं तिथं ह्यांचं नाव उमटलं. कोपऱ्यावरची मामा म्बोगा मला ह्यांच्या नावानं हाक मारायची. तिला वाटायचं, ते माझंच नाव. मी हसून ‘हो’ म्हणायचे. मिरजेत मी शाळेत शिकवत होते गं, गल्लीत शेंबड्या पोरालाही माझं नाव माहीत होतं.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. सवय होते. पुढे.

तुला वाटेल की व्हॉट्सअ‍ॅप आहेच की. आहे, आणि गोम तिथंच आहे. इथं उतरल्याच्या आठवड्यात तुला चार ग्रुपमध्ये घेतील: मंडळाचा, सोसायटीचा, ‘आपल्या बायकांचा’, आणि डबा-मसाला-गव्हाचं पीठवाला. सगळे प्रेमळ लोक. गणपतीच्या मूर्तीपासून डॉक्टरपर्यंत सगळं त्यावर मिळतं. सकाळी सांगलीचा पाऊस कळतो, संध्याकाळी मालिका दिसते, मधे आईचा फोन. मी अशी सहा वर्षं काढली. शहर नैरोबी आणि मी मिरजेतच. २०१७ साली केनिया सरकारनं इथल्या आशियाई लोकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा ग्रुपवर झेंडे फुलले. मीही फूल टाकलं. त्या दिवशी माझ्या फोनमध्ये केनियन माणसांचे नंबर किती होते, तर तीन. अस्कारी, म्हणजे वॉचमन, दादा आणि गॅसवाला.

भीतीसुद्धा त्या ग्रुपवरच पिकते. कारण नव्हतं असं नाही. २१ सप्टेंबर २०१३ ला वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला, तो आमच्या घरापासून लांब नव्हता. ६७ माणसं गेली, त्यात आपलेही होते. आणि हल्ला चालू असताना तो करणारे अल-शबाबवाले, म्हणजे सोमालियातले अतिरेकी, ट्विटरवरून त्याची फुशारकी मारत होते. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर कुठलाही ‘सावधान’वाला मेसेज आला की कुणी खरं-खोटं बघत बसत नाही. पुढं ढकलायचा आणि दाराला दुसरी कडी लावायची.

आता शाळेचं सांगते, तू फीबद्दल विचारलं होतंस, पण मी फीबद्दल सांगत नाहीये.

२०१८ साली माझी मुलगी अकरा वर्षांची होती. शाळेच्या पालकांचे दोन ग्रुप होते. एक सगळ्यांचा आणि एक फक्त आपल्या लोकांचा. आपल्या ग्रुपवर एक फोटो आला. शाळेच्या फाटकाजवळ बोडाबोडावर बसलेला एक तरुण, आणि खाली व्हॉइस नोट, हिंदीत: हा माणूस रोज दुपारी इथं घुटमळतो, मुलं पळवणारी टोळी आहे, आपापल्या मुलांना सांभाळा. मी तो फोटो उचलला आणि सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. वर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मला वाटलं, मी शहाणपणाचं काम केलं, सगळ्यांना सावध केलं.

तो माझ्या मुलीच्या वर्गातल्याच एका मुलीचा मामा होता. भाचीला न्यायला यायचा. लवकर यायचा, कारण दुपारी गिऱ्हाईक नसायचं.

तासाभरात तिच्या आईचा मेसेज आला. एकच ओळ: ‘तो माझा भाऊ आहे.’ मी फोटो डिलीट केला. माफीचा मेसेज तीन वेळा लिहिला, तीन वेळा पुसला. दुसऱ्या दिवशी शाळेनं काय केलं, तर माझ्या मुलीला वर्गासमोर उभं करून त्या मुलीची माफी मागायला लावली. का, तर ‘मुलं घरातूनच शिकतात.’ माझ्या मुलीनं काय केलं होतं? तो फोटो तिनं पाहिलाही नव्हता. इतकी वर्षं मी हे लोकांना सांगते तेव्हा गोष्ट शाळेच्या चुकीची असते. शाळा चुकलीच. मुलीला उभं करायला नको होतं. पण तिला उभं राहावं लागलं ते माझ्या जागी, हे मात्र मी सांगताना गाळते. तुला का सांगतेय कुणास ठाऊक.

त्या दोघी मैत्रिणी होत्या. नंतर एका बाकावर बसल्या नाहीत.

हा देश अफवांनी आधीच पोळलेला आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २००७ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर इथं अकराशेच्या वर माणसं मेली. कुठल्या जमातीनं काय केलं हे एसएमएसनं आणि बोलीभाषांतल्या रेडिओवरून पसरत होतं. एका स्टेशनच्या निवेदकावर तर हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात खटला चालला, तो २०१६ साली पुराव्याअभावी थांबवला. निवडणुकीनंतरच्या त्या दंगलीत सरकारनं टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बंद केलं होतं, तर इथल्याच काही मंडळींनी ‘उशाहिदी’ काढलं. उशाहिदी म्हणजे साक्ष. लोकांनी एसएमएसनं कळवायचं की आमच्याकडं काय चाललंय, आणि ते नकाशावर उमटायचं. नंतर कितीतरी देशांत ते भूकंपात, निवडणुकीत वापरलं गेलं. म्हणजे एकाच फोनमधून दोन्ही निघालं. मी त्यातलं पहिलं केलं होतं.

त्यानंतर मी स्वतःचं सिम घेतलं, माझ्या पासपोर्टवर. मामा म्बोगाला पन्नास शिलिंग पाठवले, तर तिनं फोन बघून विचारलं, ‘ही कोण?’

हळूहळू इथल्या ग्रुपांत शिरले. तुलाही घालतील, न विचारता. कुणाचं लग्न, कुणाच्या हॉस्पिटलचं बिल, बहुतेक वेळा कुणाची मयत. आपल्याकडं जशी आहेराची वही, तशी इथं खजिनदार रोज यादी टाकतो: नाव, किती दिले, किती कबूल केलेत. तुझं नाव यादीत नाही हे सगळ्यांना दिसतं. ह्यांना आधी हे भिकेसारखं वाटायचं. मग त्यांच्या ऑफिसातल्या पहारेकऱ्याचे वडील वारले तेव्हा दोन दिवसांत गावी न्यायच्या गाडीसकट सगळा खर्च ग्रुपवर उभा राहिलेला त्यांनी पाहिला. आता तेच मला आठवण करतात. हां, ‘या नंबरवर पैसे पाठव’ असा अनोळखी मेसेज आला तर मात्र पाठवू नकोस. तो इथला जुना धंदा आहे.

आणि २०२४ चा जून. तुझी मुलगी मोठी होईल तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही, माझी सतरा वर्षांची होती. सरकारनं करवाढीचं विधेयक आणलं, ब्रेडवर १६ टक्के व्हॅट वगैरे. पोरांनी ते वाचलं. खरंच वाचलं. टिकटॉकवर किकुयू, लुओ अशा जमातींच्या भाषांत आणि शेंगमध्ये, म्हणजे इथल्या पोरांच्या खिचडी स्वाहिलीत, कलमं समजावून सांगत होते. खासदारांचे नंबर पसरवले आणि म्हणाले ‘सलिमिया’, म्हणजे जरा रामराम करा त्यांना. हजारो मेसेज. ना पक्ष, ना पुढारी, ना जमात. मी जन्मात बजेट वाचलेलं नाही आणि माझी पोरगी जेवताना मला कलमं सांगत होती.

२५ जूनला लोक संसदेत शिरले, गोळीबार झाला, दुपारी नेट रडतखडत चालायला लागलं. आदल्या दिवशीच सरकारी खात्यानं सांगितलं होतं की नेट बंद करणार नाही. (शेजारी युगांडानं २०२१ च्या निवडणुकीच्या वेळी सरळ बंदच केलं होतं, टांझानियानं २०२५ ला. तेव्हा घरात थोडी रोकड ठेवत जा.) दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूटोंनी विधेयक मागं घेतलं, आणि ५ जुलैला ते स्वतः एक्सवर पोरांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसले. पण १ जुलैपर्यंत मानवी हक्क आयोगानं ३९ मृत्यू मोजले होते, आणि नंतर पोस्ट लिहिणारी पोरं घरांतून उचलली जात होती. आमची मुलगी आता काही लिहिते तेव्हा ह्यांचा जीव टांगणीला लागतो.

२५ तारखेला ती शहरात जायचं म्हणत होती. मी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली. आमच्या ग्रुपवर ‘पीठ-तेल भरून ठेवा’ चाललं होतं. ती माझ्याशी बोलली नाही. माझा फोन मागितला, मी दिला. रात्री मेसेज बघितले तर एम-पेसाचा होता: माझ्या खात्यातून ५०० शिलिंग गेलेले. ज्या नावाला गेले ते नाव वाचून मी पलंगावर बसले. तीच मुलगी, मामाची भाची. ती दिवसभर शहरात होती, पाणी आणि पट्ट्या घ्यायला पोरं पैसे गोळा करत होती. या दोघी कधीपासून बोलतायत, मला माहीत नव्हतं. आणि तिच्या फोनवर उमटलेलं नाव माझं होतं.

मी मुलीला काही विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

असो. घर भाड्यानंच दे, बंद घराला वाळवी लागते. शाळेच्या पालकांचे दोन ग्रुप असतील, तर सगळ्यांच्या ग्रुपवरचे मेसेज आधी वाच. आईशी रोज बोल, पण दुपारी नको, दुपारी बाहेर पड. आणि सिम घ्यायला जाशील तेव्हा नवऱ्याबरोबर जा, पण पासपोर्ट स्वतःचा काढून दे. दोन झेरॉक्स ठेव, एक ते मागतात आणि दुसरीही मागतात.