शामिसेनला तार सिल्कची की टेट्रॉनची?

थोडक्यात प्रश्न असा की नागोयात शामिसेनवर (जपानचं तीन तारांचं वाद्य) नागाउता, म्हणजे काबुकी नाटकातलं गाणं-वाजवणं, शिकताय, आता स्वतःचं सेकंडहँड होसोझाओ (बारीक दांड्याचं शामिसेन) घेतलंय, आणि दुकानात सिल्क की टेट्रॉन (सिंथेटिक) विचारल्यावर गोंधळ उडाला. पहिलं म्हणजे तिन्ही तारा एकाच मटेरियलच्या हव्यात असं काही नाहीये. मी म्हणेन जाड आणि मधली सिल्कची लावा, बारीक टेट्रॉनची. इथे शिकणारे बरेच जण असंच करतात.

बारीक तार, म्हणजे सान नो इतो, सगळ्यात जास्त मार खाते. बाची (वाजवायची मोठी नखी) तारेवर थांबत नाही, तार छेडून खाली कातड्यावर आपटते, आणि डाव्या हाताने आपण तार दाबतो ती नखाने. सिल्कची तार म्हणजे रेशमाचे धागे पिळून त्यांना तांदळाची खळ दिलेली, ती खळ उडाली की बाचीच्या आणि नखाच्या जागी तार केसाळ व्हायला लागते, आवाज बसतो आणि मग ऐन रियाजात तुटते. स्टेजवरच्या लोकांना ते परवडतं, त्यांचं सगळं लक्ष आवाजावर असतं आणि तार बदलायला त्यांचा हात बसलेला असतो. रोज घरी एकच ओळ घोटणाऱ्याने कशाला तो ताप घ्यायचा?

जाड तारेचं मात्र उलटं आहे. ती सहसा तुटत नाही आणि शामिसेनचा खरा रंग तिच्यात आहे. बाकीच्या दोन तारा वरच्या धातूच्या पट्टीवर टेकतात, ही टेकत नाही, ती तिथे लाकडाच्या उंचवट्याला हलकेच घासते आणि झणझणते, त्याला सावारी म्हणतात. तानपुऱ्याची जवारी ऐकलेल्या कानाला लगेच कळेल काय म्हणतेय ते. वर दुसऱ्या तारांवर जुळणारा सूर लागला की हीसुद्धा गुणगुणते. सिल्कवर ही झणझण मऊ आणि लांब येते, सिंथेटिकवर मला ती जरा कोरडी वाटते (हे माझं मत हं, वाद घालणारे भेटतील).

नायलॉन आणि टेट्रॉन एकच समजू नका. टेट्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, ते कमी ताणतं, सूर लवकर स्थिर होतो, आवाज जरा कडक. नायलॉन मऊ वाजतं पण बराच वेळ उतरत राहतं. त्सुगारु (उत्तर जपानची लोकशैली) वाजवणाऱ्यांचं ऐकून तार घेऊ नका, त्यांचं वाद्य जाड दांड्याचं फुतोझाओ, बाचीचा फटका जोरदार, त्यामुळे तिथे मधली तारही बऱ्याचदा सिंथेटिक असते.

सिल्कचा खरा त्रास सूर उतरण्याचा. नवी तार लावली की बोटाने उचलून हळूहळू ताणायची, परत सूर लावायचा, परत ताणायची, जोर मात्र करायचा नाही. नागाउतामध्ये गाणं चालू असतानाच होनचोशी या जुळणीवरून निआगारी या जुळणीला जावं लागतं, म्हणजे मधली तार एक पूर्ण स्वर वर, आणि ती नवी असेल तर खाली घसरतेच. त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी नवी मधली तार लावू नका, आदल्या एकदोन दिवसांत लावून वाजवून घ्या. जून-जुलैच्या पावसात तर सिल्क दमट हवेने अजूनच हलतं, त्या दिवसांत मधलीही टेट्रॉन लावली तर कोणी फाशी देणार नाही. सेन्सेईंना (गुरूंना) मात्र आधी विचारा, काही घराण्यांत याबाबत कडक असतात.

आणि पिवळा रंग बघून सिल्क समजू नका. पूर्वी रेशमी तारा हळदीने रंगवायचे, त्यामुळे तो रंग ठरूनच गेला, आता टेट्रॉनही पिवळंच मिळतं. जुन्या वाद्यावर आत्ता काय लावलंय ते कळत नसेल तर खुंटीकडचा उरलेला तुकडा कापून बाहेर नेऊन जाळून बघा. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर सिल्क, वितळून कडक गोळी झाली तर सिंथेटिक. तारांच्या पाकिटावरचे जाडीचे नंबर सांभाळून ठेवा, पुढच्या वेळी दुकानात तेच दाखवायचे.