लाल सिग्नलवर उजवीकडे: एडिसनला निघालेल्या नागपूरकरासाठी

तू विचारलंस की सप्टेंबरात न्यू जर्सीत एडिसनला येतो आहेस, तिकडे म्हणे लाल दिव्यावरही उजवीकडे वळता येतं, तर ते आपल्या फ्री लेफ्टसारखंच समजायचं का? वर तुझ्या ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं, नागपुरातही सगळे चौक असेच मोकळे करून टाका, उगाच पेट्रोल जळून राहिलं. पहिल्याचं उत्तर: नाही, तसं समजू नकोस बापा. दुसऱ्याबद्दल माझं मत इथे आल्यावर बदललं, ते शेवटी सांगतो.

इथला नियम असा. लाल दिव्यावर पांढऱ्या रेषेच्या अलीकडे गाडी पूर्ण थांबवायची. पूर्ण म्हणजे चाक फिरता कामा नये. वेग कमी करून हळूच सरकत वळलास आणि कोपऱ्यात पोलीस उभा असला, तर पावती ठरलेली. थांबल्यावर पाहायचं: झेब्रा क्रॉसिंगवर कोणी आहे का, ज्यांना हिरवा आहे त्यांच्या गाड्या येत आहेत का. सगळं मोकळं असेल तरच वळायचं. ‘नो टर्न ऑन रेड’ ही पाटी दिसली तर विषय संपला, हिरवा होईपर्यंत बसायचं. पाटी कधी सिग्नलच्या शेजारी लटकते, कधी कोपऱ्यातल्या खांबावर असते, आणि शाळेजवळ तिच्याखाली वेळाही लिहिलेल्या असतात. उजवा बाणच लाल असेल तर वळू नकोस. आणि वळायची मुभा आहे म्हणजे वळलंच पाहिजे असंही नाही. मागचा हॉर्न देईल, देऊ दे.

सिग्नलही इथे चौकाच्या पलीकडे टांगलेला असतो. आपली सवय खांबाजवळ जाऊन उभं राहायची, म्हणून नवा माणूस सरळ क्रॉसिंगवर गाडी आणून ठेवतो. आपल्यासारखे उतरते सेकंद गाड्यांसाठी नसतात, ते फक्त पायी चालणाऱ्यांच्या दिव्यावर दिसतात.

खरी अडचण मात्र नियमाची नाही, मानेची आहे. मी चौदा वर्षं धरमपेठेतून हिंगणा एमआयडीसीला गाडी नेली. डावीकडे वळताना मान आपोआप उजवीकडे जायची, कारण गाड्या तिकडून येतात. इथे उलटं, वळायचं उजवीकडे आणि पाहायचं डावीकडे. हे आठवडाभरात जमलं आणि मला वाटलं, झालं. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी लाल दिव्यावर नियमाप्रमाणे थांबलो. डावीकडून गाड्यांची रांग येत होती, मी मान तिकडेच वळवून फट शोधत होतो. फट मिळाली, ब्रेक सोडला, आणि बॉनेटवर धाडकन हात पडला. उजव्या फुटपाथवरून दहा-बारा वर्षांचा एक मुलगा सायकलवर क्रॉसिंगवर उतरला होता. त्याला चालायचा पांढरा दिवा होता, पूर्ण हक्क त्याचा. पुढचं चाक माझ्या बंपरपासून वीतभर. त्याने मला एक शब्द म्हटला नाही, नुसतं पाहिलं आणि निघून गेला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी मी तो पूर्ण सिग्नल तिथेच काढला.

ही चूक मी एकट्यानेच केलेली नाही. डावीकडच्या गाड्यांत जीव अडकलेला ड्रायव्हर उजवीकडून येणाऱ्या पायी माणसाला पाहतच नाही, हे अमेरिकेत ही मुभा पसरल्यानंतर लवकरच अभ्यासांत दिसलं. पादचारी आणि सायकलवाल्यांना बसणाऱ्या धडका वाढल्या होत्या. मुभा आली होती वेगळ्याच कारणाने. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या. लाल दिव्यावर इंजिन चालू ठेवून उभ्या गाड्या म्हणजे तेलाची नासाडी, असा हिशोब निघाला. पश्चिमेकडच्या राज्यांत ही सवलत आधीपासून होती. 1975 च्या ऊर्जा कायद्यात केंद्राने बाकीच्या राज्यांना अट घातली की ऊर्जा बचतीसाठी मदत हवी असेल तर लालवर उजवं वळण मोकळं करा. सगळ्यात शेवटी मॅसॅच्युसेट्स 1980 मध्ये तयार झालं. म्हणजे तुझ्या मित्राचा पेट्रोलचा मुद्दा पन्नास वर्षं जुना आहे.

आता हडसन नदी ओलांडली की काय होतं ते ऐक. न्यूयॉर्क शहरात नियम नेमका उलटा आहे. वळता येतं अशी पाटी असेल तरच वळायचं, नाहीतर लाल म्हणजे लाल. जर्सीहून टनेलमधून मॅनहॅटनमध्ये शिरलास की तीच गाडी, तोच तू, पण कायदा वेगळा. कॅमेरे आहेत, पन्नास डॉलरची नोटीस घरी येते. माझ्याकडे एक आली आहे, फोटोसकट. कॅनडातही माँट्रियल बेटावर बंदी आहे, त्याबाहेर क्युबेकमध्ये 2003 पासून मुभा. म्हणून कुठल्याही नव्या शहरात गेलास की आधी हे विचारून घे.

न्यू जर्सीची आणखी एक गंमत: रूट 1 सारख्या रस्त्यांवर डावीकडे किंवा यू-टर्नला जायचं असेल तरी आधी उजवीकडच्या रॅम्पवर निघावं लागतं. ‘सगळी वळणं उजव्या लेनमधून’ अशा अर्थाच्या पाट्या दिसतील. मी पहिल्यांदा डावी लेन धरून बसलो आणि दोन मैल पुढे गेलो.

मित्राला सांग, फ्री लेफ्ट वाईट नाही, पण आपला फ्री लेफ्ट कधी थांबतच नाही. माझी आई भाजीची पिशवी घेऊन चौकाच्या कोपऱ्यावर उभी राहते. सरळ जाणारे लालवर थांबतात, पण डावीकडे वळणाऱ्यांची स्कूटर, ऑटो, स्कूटर अशी माळ तुटतच नाही. सिग्नल चारही बाजूंना आहे, पण तिच्यासाठी तो कधीच लाल होत नाही. शेवटी ऑटोवाल्यासमोर हात आडवा धरून तीच त्याला थांबवते. जर्मनीत लाल दिव्याशेजारी हिरव्या बाणाची छोटी पाटी असते. ती पूर्व जर्मनीत 1978 मध्ये आली, 1994 मध्ये एकत्र जर्मनीने स्वीकारली. तिथेही आधी पूर्ण थांबल्याशिवाय वळता येत नाही. ज्यांच्याकडून आपण डावीकडून चालणं घेतलं त्या ब्रिटनमध्ये तर लालवर डावं वळण नाहीच. वर्धा रोडसारख्या रुंद रस्त्याला वळणाची वेगळी लेन असेल तर असू दे मोकळी, पण सीताबर्डीत, शाळा-दवाखान्यांसमोर मी तरी ही मुभा बंदच ठेवीन.

कागदपत्रांचं: निघण्याआधी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ, एक हजार रुपये, वर्षभर चालतो. इथे राहायला आल्यावर साठ दिवसांत न्यू जर्सीचा परवाना घ्यावा लागतो. लेखी परीक्षेत पन्नास प्रश्न, चाळीस बरोबर हवेत.

आणि हातांचं एक. आपल्याकडे उजवं वळण म्हणजे चौक ओलांडून मोठा फेरा, इथे ते आखूड, कोपऱ्याला चिकटून. फेरा मोठा घेतलास तर समोरच्यांच्या लेनमध्ये जाशील. इंडिकेटरचा दांडाही इथे डाव्या हाताला असतो. पहिले पंधरा दिवस वळायच्या आधी तुझे वायपर सुरू होतील.