‘शागीर्दा’चे कोडे

प्रश्न : बुद्धिबळाला वाहिलेले पहिले मासिक कोणते? खेळाचे मूळ भारतात असूनही त्या जुन्या मासिकांत भारताला काही स्थान होते काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या मासिकाचा मान पॅरिसच्या ‘ल पालामेद’कडे जातो. त्या काळचे अव्वल खेळाडू ला बूर्दोने यांनी ते 1836 मध्ये सुरू केले, पण तीनच वर्षांत ते बंद पडले आणि पुढे सेंट-आमां यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. 1841 मध्ये लंडनला हॉवर्ड स्टॉन्टन यांनी ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ काढले. सेंट-आमां आणि स्टॉन्टन हे दोन संपादक 1843 मध्ये पॅरिसमध्ये पटावरच समोरासमोर आले आणि 21 डावांच्या त्या सामन्यात स्टॉन्टन विजयी झाले. संपादकच आघाडीचे खेळाडू असल्यामुळे या मासिकांच्या मतांना वजन होते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. 1845 मध्ये ‘क्रॉनिकल’मध्ये चार चालींत मात करण्याचे एक कोडे छापले गेले. ते भारतातून आले होते आणि खाली नाव होते फक्त ‘शागीर्द’. हे शागीर्द म्हणजे दिल्लीतील इंग्रज धर्मोपदेशक हेन्री ऑगस्टस लव्हडे. त्यांचा जन्मही भारतातलाच, बराकपूरचा.

कोड्याची अडचण अशी की, काळ्याची प्यादी अडली म्हणजे त्याच्या राजाला शह नसतानाही जायला घर उरत नाही आणि हातातोंडाशी आलेला डाव बरोबरीत सुटतो. म्हणून पांढरा आपला उंट तिरप्या रेषेत थेट पटाच्या कडेपर्यंत मागे नेतो आणि नंतर हत्ती त्याच रेषेत, उंटाच्या पुढ्यात आणून ठेवतो. स्वतःच्याच उंटाची वाट अडवणारी ही चाल पाहणाऱ्याला चूक वाटते. परंतु त्या आडोशामुळे काळ्या राजाला एक घर मोकळे होते, तो तेथे सरकतो, आणि हत्ती रेषेतून हलताच हत्ती व उंट या दोघांचा एकदम शह बसून मात होते. कोड्याच्या मांडणीत उणिवा होत्या, उत्तराच्या इतर वाटाही सापडल्या. तरीही त्यातील कल्पना इतकी अस्सल होती की कोडी रचणाऱ्यांनी तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम केले आणि तिला ‘इंडियन’ हेच नाव रूढ झाले.

मात्र भारतीय माणसाचा खेळ पाहायचा असेल, तर कोलकात्याच्या महेशचंद्र बंद्योपाध्याय यांचे नाव घ्यावे लागेल. तेथे वकिली करणारे जॉन कॉक्रेन यांच्याशी त्यांनी पुष्कळ डाव खेळले आणि त्यांतील काही लंडनमध्ये छापले गेले. राजाच्या बाजूचे घोड्यासमोरचे प्यादे एकच घर पुढे सारून त्यामागे उंट बसवण्याची त्यांची पद्धत तेव्हाच्या युरोपात क्वचितच दिसे. आज ‘किंग्ज इंडियन’ बचाव शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ती पहिल्याच धड्यात शिकतो.