रिपोर्टमधले आकडे ठेवा, शिफारशीचा रकाना सोडून द्या

तुमची पोस्ट वाचताना आमच्याच अंगणाबद्दल कोणीतरी लिहिलंय असं वाटलं. लॉन पिवळं पडतंय, पाणी दिलं की वर साचून राहतं, वाळलं की पहार लागत नाही. मातीपरीक्षणात सामू (पीएच) ८.३, स्फुरद (फॉस्फरस) ‘अतिशय जास्त’, आणि शिफारस काय, तर डीएपी (हे स्फुरदाचंच खत) आणि जिप्सम! वर माळी म्हणतोय वाळू टाका. या तिन्हींपैकी काय टाकू, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: यातलं सध्या काहीच टाकू नका.

आधीच सांगतो, मी कृषी पदवीधर नाही. हौशी माणूस आहे, फक्त यात बरीच वर्षं हात काळे केलेत. खत कधी, पाणी किती, गवत किती उंच कापायचं हे तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान त्या शिफारशीच्या रकान्याने केलं. नमुना द्यायला गेलो तर अर्जावर ‘पीक’ असा रकाना. यादीत लॉन नाही, बागही नाही. खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता स्वतःच एक धान्याचं पीक लिहून टाकलं. “काहीतरी लिहावं लागतं, नाहीतर कॉम्प्युटर पुढे जात नाही.” झालं, रिपोर्ट आला तो त्या पिकाचा. स्फुरद भरपूर असल्याचं एका ओळीत छापलेलं आणि खालच्याच ओळीत स्फुरदयुक्त खताचा डोस. हे कसं, म्हणून विचारायला गेलो तर सही करणारे साहेब जागेवर नाहीत. फोन केला तर “रिपोर्टमध्ये आहे तेच बरोबर.” पीक बदलून द्या म्हटलं तर नवीन नमुना आणा, नवीन फी भरा. माती तीच, आकडे तेच, फी कशाची? असो. सरकारी शिक्का आहे म्हणून तो डोस गेला मातीत. नत्रासारखं (नायट्रोजनसारखं) स्फुरद पाण्याबरोबर वाहून जात नाही, मातीला धरून बसतं. आणि ते फार झालं की झाडाला लोह आणि जस्त घेताना अडचण येते. गवत हिरवं व्हायचं सोडून आणखी फिकं पडलं. त्यातून बाहेर यायला कित्येक हंगाम गेले. अजूनही मी तिथे स्फुरदाचा कण टाकत नाही.

म्हणून डीएपी नकोच. त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं. तुम्हाला हवं असलंच तर त्यातलं नत्र हवं असेल, त्यासाठी हे दुसरं ओझं कशाला?

जिप्समचं म्हणाल तर ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या, जमिनीचं औषध आहे. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं, जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हुसकावतं. अशा जमिनीचा सामू सहसा ८.५ च्या वर असतो. ८.३ च्या आसपास रेंगाळणारा सामू बहुतेक वेळा चुनखडीचा असतो, म्हणजे कॅल्शियम आधीच बक्कळ. खात्री करायची असेल तर कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. मग सामू उतरवायला गंधक टाकण्यातही अर्थ नाही, चुनखडी ते गिळून टाकते. जिप्समचा निर्णय विनिमययोग्य सोडियमचा (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा) आकडा बघितल्याशिवाय घेऊ नये, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये तो रकानाच दिसत नाही.

पिवळेपणा नीट बघा. कोवळी पाती पिवळी आणि त्यांवर उभ्या हिरव्या रेघा असतील तर लोह कमी पडतंय. जुनी, खालची पाती आधी पिवळी पडत असतील तर नत्र. लोह असेल तर फेरस सल्फेट मातीत टाकून उपयोग नाही, अशा मातीत ते लगेच अडकतं. सौम्य द्रावण पानांवर फवारा (फरशीवर उडालं तर गंजाचे डाग पडतात, आमचे अजून आहेत), नाहीतर ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेलं ठेवणारं संयुग) घ्या. दुकानात ईडीटीए हे दुसरं चिलेट पुढे करतील, ते एवढ्या सामूला मातीत टिकत नाही.

पण खरं दुखणं हवेचं आहे: तुमची माती चिकण दिसते, घट्ट बसते आणि आत हवा जात नाही. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की विटेसारखा गोळा होतो. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते, म्हणजे माती बदलण्यातच जमा. वरून पोयट्याचा (गाळाच्या भुसभुशीत मातीचा) थर पसरणंही नको, दोन वेगळ्या मातींच्या सांध्यावर पाणी अडतं. त्यापेक्षा पोकळ दात्यांच्या यंत्राने ७ ते १० सेंटीमीटर खोल भोकं पाडा, निघालेल्या मातीच्या गुंडाळ्या तिथेच वाळू द्या, आणि वरून अर्धा ते एक सेंटीमीटर चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट झाडूने भोकांत लोटा. वर्षातून एकदा, गवत जोमात वाढत असताना. भरीव खिळ्यांचे बूट वगैरे मिळतात, त्यांनी भोकाच्या कडा उलट आणखी दाबल्या जातात, असं माझं मत. कंपोस्ट कच्चं असेल किंवा कोणी लाकडाचा भुसा मातीत मिसळा म्हणालं तर नको, तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो.

आणि हे सगळं वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी असताना. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. भुगा झाला तर कामाला लागा. अंगठ्याचा चकचकीत ठसा उमटला तर थांबा. ओल्या चिकणमातीत फावडं मारलं की खड्ड्याच्या भिंती आरशासारख्या गुळगुळीत होतात, आणि झाड लावलंत तर मुळं आतल्या आत गोल फिरत बसतात.

रिपोर्टमधले डोस किलो प्रति हेक्टर असतात, त्याने घाबरू नका. १०० किलो प्रति हेक्टर म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम. पण तो आकडा नत्राचा आहे की खताचा ते बघा, १० ग्रॅम नत्राला साधारण २२ ग्रॅम युरिया लागतो. पुन्हा नमुना द्यायचा झाला तर तो जस्ताच्या बादलीत गोळा करू नका, जस्ताचा आकडा फुगतो.

तुमच्या रिपोर्टमधला विद्युत वाहकतेचा (मातीत क्षार किती ते दाखवणारा) आकडा फोटोत कापला गेलाय. तो इथे टाका, आणि माती-पाण्याचं प्रमाण काय धरलंय तेही. क्षार जास्त निघाले तर शेणखताची गाडी मागवायच्या आधी थांबावं लागेल, कारण त्यातूनही क्षारच येतात.