१९८० च्या दशकात पर्सनल कॉम्प्युटर कचेऱ्यांत लवकर आणि शाळांत इतक्या उशिरा का रुजला?

आपण विचारले आहे की, पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आल्यावर व्यवसायांनी तो इतक्या झपाट्याने का स्वीकारला, आणि त्याच काळात शाळांनाही संगणक मिळालेले असताना तिथे मात्र तो वर्षानुवर्षे एका बंद खोलीतच का राहिला. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३५ वर्षे नोकरी केली, त्यांतली पहिली ११ वर्षे लेजरवर, म्हणजे ग्राहकांच्या खात्यांच्या वहीवर. माझी पत्नी माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आमच्या घरात रोज बोलल्या जात होत्या, आणि त्या बोलण्यातून माझे जे मत बनले ते इथे सविस्तर मांडतो. मला असे वाटते की, जे काम यंत्र येण्यापूर्वीच ठरलेल्या नियमांनी, कागदावर, रोजच्या रोज चालत होते आणि ज्याचा ते करणाऱ्या माणसाला जाच होत होता, त्या कामात संगणक लगेच रुजला. बँकेत असे काम प्रत्येक टेबलावर होते. शाळेत ते होते, पण वर्गात नव्हते.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. १९७७ मध्ये ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन तयार यंत्रे तिथे विक्रीला आली, तेव्हा ती विकत घेणारे बहुतेक हौशी लोक होते. व्यवसायाने या यंत्रांकडे गंभीरपणे पाहावे असे कारण १९७९ मध्ये मिळाले, ते व्हिजिकॅल्क या प्रोग्रॅममुळे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला ही कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टनने तो प्रोग्रॅम लिहिला. रकान्यांच्या मोठ्या कागदावर अंदाजपत्रक मांडले की एका ठिकाणची रक्कम बदलल्यावर तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या बेरजा खोडून पुन्हा कराव्या लागतात. ज्याने हे काम एकदा तरी रात्री जागून केले आहे, त्याला व्हिजिकॅल्कचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. पडद्यावर ६३ उभे स्तंभ आणि २५४ आडव्या ओळींचा तक्ता मांडता येई, आणि एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलत. पहिले सुमारे वर्षभर हा प्रोग्रॅम फक्त ॲपल टूवर चालत असल्यामुळे, शंभर डॉलरच्या आसपास किमतीच्या प्रोग्रॅमसाठी लोक हजार-दीड हजार डॉलरचे यंत्र विकत घेऊ लागले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोठ्या कंपन्यांत संगणक आधीपासूनच होते, पण ते स्वतंत्र संगणक विभागाच्या ताब्यात असत आणि एखादा नवा अहवाल हवा असेल तर त्या विभागाकडे अर्ज करून आठवडेच्या आठवडे थांबावे लागे. हिशेब विभागाच्या किंवा विक्री विभागाच्या प्रमुखाला टेबलावर ठेवता येईल असे यंत्र स्वतःच्या विभागाच्या खर्चातून घेता येऊ लागले, हा बदल मला यंत्राच्या वेगापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्या नावामुळे खरेदी मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा संकोच गेला, आणि यंत्राचे बहुतेक भाग बाजारात मिळणारे असल्याने इतर कंपन्यांनाही तशीच यंत्रे बनवता आली. जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा तसाच तक्त्यांचा प्रोग्रॅम आला आणि व्हिजिकॅल्कची जागा त्याने घेतली. हा भाग बहुतेकांना माहीत असतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आपल्याकडे व्यवसायातल्या संगणकाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला, आणि त्यात बँकांचा वाटा मोठा आहे. संगणकापूर्वीचे लेजरचे काम कसे होते हे आजच्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून थोडे सांगतो. प्रत्येक चेक आणि प्रत्येक भरणा व्हाउचर, म्हणजे पैसे भरल्याची चिठ्ठी, लेजर कीपरकडे येई. तो संबंधित खात्याचे पान काढून नावे (खात्यातून गेलेली) किंवा जमा रक्कम लिही, नवी शिल्लक काढी, आणि अधिकारी ती तपासून आद्याक्षरी करी. महिन्याच्या शेवटी लेजरमधल्या सगळ्या खात्यांच्या शिलका एका वहीत उतरवून त्यांची बेरीज जनरल लेजरमधल्या, म्हणजे शाखेच्या मुख्य वहीतल्या, आकड्याशी जुळवायची, याला आम्ही बॅलन्सिंग म्हणत असू. ती बेरीज पहिल्या फेरीत जुळणे हा सणासारखा प्रसंग असे. फरक आला की शोध सुरू होई. फरकाला ९ ने निःशेष भाग गेला, तर कोणीतरी ५४ चे ४५ लिहिले असावेत असे धरून शोधायचे. नाहीतर फरकाच्या निम्म्या रकमेचे व्हाउचर पाहायचे, कारण जमेची रक्कम नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. या युक्त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हाला शिकवल्या होत्या आणि त्या मी आजही विसरलेलो नाही.

व्याजाचे काम त्याहून जड होते. त्या काळी बचत खात्यावरील व्याज प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या किमान शिलकेवर धरले जाई. म्हणजे जूनअखेर आणि डिसेंबरअखेर हजारो खात्यांची पाने उलटून, प्रत्येक पानावरच्या सहा महिन्यांतल्या सहा किमान शिलका शोधून, त्यांची बेरीज करून व्याज काढायचे आणि मग दुसऱ्याने ते तपासायचे. डिसेंबरअखेरचे क्लोजिंग झाल्यावर घरी जायला मध्यरात्र उलटून जाई. या कामात नियम पूर्णपणे लिहिलेले होते आणि माणसाच्या निर्णयाला वाव जवळजवळ नव्हता, म्हणूनच ते यंत्राला सर्वांत आधी देता आले.

तरीही यंत्र सहज आले नाही. आम्हा कर्मचाऱ्यांना नोकऱ्यांची भीती होती, आणि त्या भीतीत चुकीचे काही नव्हते असे मी आजही म्हणेन. देशात बेकारी मोठी होती आणि बँकेतील नोकरीवर अनेकांचे संपूर्ण कुटुंब उभे असे. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. त्यानंतर शाखांमध्ये जी यंत्रे आली त्यांचे नाव होते ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन, आमच्या बोलण्यात एएलपीएम. त्या नावात कॉम्प्युटर हा शब्द नव्हता. आमच्या शाखेत मात्र ते आतून पाहता साधारण पर्सनल कॉम्प्युटरच होते: एक पडदा, एक कळफलक, फ्लॉपीची खाच आणि शेजारी कर्कश आवाज करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर आयातीवरील निर्बंध आणि शुल्क सैल झाल्यामुळे अशी यंत्रे देशात जुळवणेही पूर्वीपेक्षा सोपे झाले होते.

आमच्याकडे ते १९८७ मध्ये, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाखेत आले. त्यासाठी वातानुकूलित काचेची खोली केली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. पहिले काही महिने यंत्र आणि हाताने लिहिलेले लेजर दोन्ही चालू ठेवायचे होते, म्हणजे काम कमी होण्याऐवजी दुप्पट झाले, आणि त्या काळात आमच्यातल्या अनेकांचा यंत्राला असलेला विरोध वाढला. चालू खात्यांचे पहिले बॅलन्सिंग यंत्राने काही मिनिटांत छापून दिले आणि बेरीज जुळली, तेव्हा मी ती कागदाची लांब पट्टी हातात धरून पुन्हा एकदा हाताने बेरीज केली होती. ती जुळल्यावर खोलीतले सगळे गप्प झाले. आम्हाला आनंद झाला होता. त्याच वेळी, जे कसब आम्ही दहा-दहा वर्षे कमावले होते ते आता कोणालाच लागणार नाही, हेही त्या क्षणी कळले होते. आमच्या शाखेतल्या एकाचीही नोकरी गेली नाही, पण लेजर कीपर म्हणून जी ओळख होती ती संपली.

आता शाळांकडे वळतो. शाळेत संगणक यशस्वी झाल्याचे सर्वांत जुने उदाहरण मला मिनेसोटा या अमेरिकी राज्याचे वाटते, कारण तिथे यंत्राच्या आधी शिक्षकाची गरज उभी होती. १९७१ मध्ये डॉन रॉविच हा इतिहासाचा शिकाऊ शिक्षक मिनिआपोलिसमध्ये १८४८ च्या सुमारास पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांचा पाठ शिकवीत होता, आणि त्याने दोन मित्रांच्या मदतीने ऑरेगन ट्रेल हा खेळ तयार केला. तेव्हा वर्गात पडदाही नव्हता. फोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेल्या टेलिटाइप या टंकयंत्रावर मुले आज्ञा टंकित करीत आणि उत्तर कागदावर छापून येई. १९७३ मध्ये त्या राज्याने शाळांच्या संगणकांसाठी एमईसीसी ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. रॉविचने जपून ठेवलेल्या छापील कागदांवरून तो खेळ त्या संस्थेच्या संगणकात पुन्हा भरला, आणि १९७८ मध्ये या संस्थेने ॲपल टू यंत्रांची मोठी खरेदी केली. माझ्या मते त्या खरेदीपेक्षा महत्त्वाचे हे की, त्या राज्यातल्या शिक्षकांना प्रशिक्षण, तयार पाठ आणि अडल्यावर विचारायला माणूस हे सगळे एकाच ठिकाणी मिळत होते.

ब्रिटनमध्ये सरकारने शाळांना यंत्राची निम्मी किंमत दिली आणि बीबीसीने जानेवारी १९८२ पासून दूरचित्रवाणीवर संगणकाची मालिका दाखवली. तिच्यासाठी एकॉर्न कंपनीने बनवलेला बीबीसी मायक्रो तिथल्या बहुतेक शाळांत पोहोचला. हाच बीबीसी मायक्रो १९८४-८५ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या प्रकल्पातून सुमारे २५० शाळांत आला. यंत्र उत्तम होते आणि ते आणण्यामागचा हेतूही चांगला होता: मुलांच्या मनातली संगणकाची भीती जावी आणि त्यांना त्याची ओळख व्हावी. परंतु ओळख करून देणे हे शिक्षकाला दररोज छळणारे काम नव्हते. विषय अभ्यासक्रमाबाहेरचा, परीक्षेत त्याला गुण नाहीत, तास वेळापत्रकात बसवायचा कुठे हा प्रश्न, आणि शिक्षकाचे प्रशिक्षण थोड्या दिवसांचे. अशा परिस्थितीत महागडे यंत्र बिघडू नये ही काळजी ते वापरण्याच्या इच्छेपेक्षा मोठी ठरते.

मराठी माध्यमाच्या शाळांपुढे आणखी एक अडचण होती, जिचा उल्लेख फारसा होत नाही. यंत्राच्या आज्ञा, सूचना आणि तयार पाठ हे सारे इंग्रजीत होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान आल्यावर, संगणकात एक कार्ड बसवून पडद्यावर देवनागरी अक्षरे आणता येऊ लागली. पण सी-डॅकची स्थापनाच १९८८ ची आहे, आणि असे कार्ड वेगळे विकत घेणे सामान्य शाळेच्या आवाक्यातले नव्हते. पाचवी-सहावीतला मुलगा संगणकापुढे बसला की त्याला आधी एका परक्या भाषेशी झगडावे लागे.

माझ्या पत्नीच्या शाळेला १९८९ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून दोन संगणक मिळाले. गणिताची शिक्षिका म्हणून त्यांची जबाबदारी तिच्याकडे आली. दर शनिवारी ती दहा-दहा मुलांना घेऊन बेसिक नावाच्या संगणकाच्या भाषेतले छोटे प्रोग्रॅम शिकवी. मुले उत्सुक असत, पण एका मुलाच्या वाट्याला महिन्यातून जेमतेम पाव तास येई आणि पुढच्या वेळेपर्यंत तो शिकलेले विसरलेला असे. दोन वर्षे तिने हे नेटाने केले. त्याच काळात वार्षिक परीक्षेनंतर निकालपत्रके तयार करताना वर्गशिक्षकांचे जे हाल होत, ते ती पाहत होती: प्रत्येक तुकडीत साठ-साठ मुले, प्रत्येकाचे सात-आठ विषय, घटक चाचणी आणि सहामाहीचे गुण मिळवून बेरीज, टक्केवारी, क्रमांक, आणि एका मुलाचा एक गुण बदलला की खालचे सगळे क्रमांक पुन्हा मांडायचे. तिने माझ्या मदतीने लोटसमध्ये एका तुकडीचा तक्ता तयार केला. पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांनी तो हाताने केलेल्या निकालाशी ताडून पाहायला लावला, आणि त्यात हाताने केलेल्या निकालातल्याच दोन चुका सापडल्या.

पुढच्या वर्षी सगळ्या तुकड्यांचे निकाल त्यावर झाले, त्यानंतर शाळेच्या लिपिकाने पगारपत्रकेही त्याच तक्त्यात बसवून घेतली, आणि दोनपैकी एक संगणक कायमचा कार्यालयात हलवला गेला. कुलूपबंद खोलीत उरलेल्या दुसऱ्या यंत्रावर तिचा शनिवारचा वर्ग मात्र ती निवृत्त होईपर्यंत चालू होता, आता दहाऐवजी पाचच मुले एका वेळी घेऊन.