वाचकांचे प्रश्न : पांढरा पडदा फोटोत करडा का दिसतो?

प्रश्न : स्टँडवर ताणून लावता येईल असा घडीचा पांढरा कापडी पडदा मी पोर्ट्रेटसाठी घेतला आहे. त्याखेरीज हाताने ताकद ठरवता येणारा एक फ्लॅश, त्याचा स्टँड आणि फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी एक पांढरी छत्री एवढीच साधने माझ्याजवळ आहेत. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा हा पडदा फोटोत करडा, काही वेळा निळसर दिसतो आणि घडीच्या रेषाही उमटतात. फ्लॅशची ताकद वाढवावी तर चेहऱ्यावरचा तपशील उडून जातो. फार खर्च न करता खरोखर पांढरी पार्श्वभूमी कशी मिळेल?

उत्तर : आपल्या पडद्यात दोष नाही, त्यामुळे दुसरा पडदा घेण्याचा विचार मनात असल्यास तो आधी बाजूला ठेवावा. कापड पांढरे असणे याचा अर्थ इतकाच, की पडलेल्या प्रकाशापैकी बराचसा ते परत पाठवते. मुळात त्याच्यापर्यंत प्रकाश किती पोहोचतो हे अंतर ठरवते, आणि लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. समजा, फ्लॅश लावलेली छत्री चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि पडदा त्या व्यक्तीच्या १ मीटर मागे आहे. म्हणजे पडदा दिव्यापासून २ मीटरवर पडला आणि त्याला चेहऱ्याच्या एक चतुर्थांश प्रकाश मिळाला. छायाचित्रणाच्या भाषेत हा २ स्टॉपचा फरक झाला, कारण प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो. चेहऱ्याचे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत नोंदला जाणारा प्रकाश, बरोबर ठेवले, तर इतक्या कमी प्रकाशातला पांढरा पडदा करडाच दिसणार. फ्लॅशची ताकद वाढवल्याने दोन्हीकडचा प्रकाश सारख्याच पटीने वाढतो आणि फरक जिथल्या तिथे राहतो, म्हणूनच पडदा उजळण्याच्या आत चेहरा पांढरा पडतो.

एकाच फ्लॅशवर काम भागवायचे असेल, तर अंतरांचे प्रमाण बदलावे. छत्री चेहऱ्यापासून ३ मीटरवर न्यावी आणि व्यक्तीला पडद्यापासून अर्ध्या मीटरवर बसवावे. आता पडद्याला चेहऱ्याच्या जवळजवळ पाऊणपट प्रकाश मिळतो आणि फरक अर्ध्या स्टॉपच्याही खाली येतो. पडदा इतका जवळ आला की व्यक्तीची सावली त्यावर पडते; त्यासाठी दिवा डोक्याच्या बराच वर आणि थोडा बाजूला ठेवावा, म्हणजे सावली खांद्यांच्या मागे खाली उतरते आणि चौकटीबाहेर राहते. या मांडणीची किंमतही लक्षात घ्यावी : लांब गेलेली छत्री चेहऱ्याच्या दृष्टीने लहान होते आणि चेहऱ्यावरच्या सावल्यांच्या कडा कठोर होतात. ज्या बाजूला सावली पडते तिकडे चौकटीच्या अगदी कडेला पांढरा फोम बोर्ड उभा केल्यास सावल्या उजळतात. ओळखपत्रासारख्या साध्या फोटोला एवढे पुरेसे आहे. ज्या पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याचे मार्दव महत्त्वाचे आहे, तिथे मात्र माझ्या मते पडद्यासाठी वेगळा दिवा हवाच, आणि आपल्याला एकच गोष्ट विकत घेणे शक्य असेल तर ती दुसरा साधा फ्लॅश असावी. त्यात स्वयंचलित मापनाची सोय नसली तरी चालते. हाताने ताकद बदलता यावी आणि पहिल्या फ्लॅशची चमक पाहून पेटणारा स्लेव्ह मोड असावा, म्हणजे त्याला पेटवणारे वेगळे उपकरण (ट्रिगर) लागत नाही. पहिला फ्लॅशही हाताने ठरवलेल्या ताकदीवरच असावा, कारण स्वयंचलित पद्धतीत तो मुख्य चमकेपूर्वी एक छोटी चमक सोडतो आणि साधा स्लेव्ह तिलाच फसून आधी पेटतो.

हा दुसरा फ्लॅश कमरेएवढ्या किंवा त्याहून कमी उंचीच्या स्टँडवर, व्यक्तीच्या पाठीमागे लपेल असा, पडद्याकडे तोंड करून ठेवावा. त्याचे झूम, म्हणजे प्रकाशाचा झोत किती पसरावा हे ठरवणारी सोय, सर्वांत रुंद ठेवावे, म्हणजे प्रकाश मध्यभागी साचत नाही. छातीपर्यंतच्या फोटोला एवढा प्रकाश पुरतो. चौकट याहून मोठी असेल, तर दोन फ्लॅश दोन बाजूंना ठेवून प्रत्येकाचे तोंड पडद्याच्या पलीकडच्या कडेकडे वळवावे. जवळच्या कडेवर रोखले तर कडा उजळ आणि मध्य काळवंडलेला अशी असमानता येते.

वेगळ्या प्रकाशमापकाची गरज नाही. शटर १/१६० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) २०० आणि लेन्सचे छिद्र एफ/८ अशी सुरुवात करून पडद्याचा फ्लॅश बंद ठेवावा व केवळ छत्रीच्या प्रकाशात चेहरा नीट मिळेपर्यंत त्या फ्लॅशची ताकद बदलावी. त्यानंतर कॅमेऱ्याची मांडणी हलवू नये. आता पडद्याचा फ्लॅश १/१६ ताकदीवर सुरू करून १/८, १/४ असा वाढवत जावा आणि कॅमेऱ्यातली हायलाइट अलर्टची सोय चालू ठेवावी, जी पूर्ण पांढरा झालेला भाग लुकलुकवून दाखवते. चेहऱ्याभोवतीची पार्श्वभूमी सलग लुकलुकू लागली की तिथेच थांबावे. ही मर्यादा साधारणतः पडद्यावरचा प्रकाश चेहऱ्यापेक्षा १ ते दीड स्टॉप जास्त असताना येते. पांढऱ्याहून अधिक पांढरे काही मिळत नाही. वाढवलेला प्रकाश पडद्यावरून उलटून लेन्समध्ये शिरतो, केसांच्या कडा खाऊन टाकतो आणि सगळ्या फोटोचा कस घालवतो. नवशिक्यांच्या पांढऱ्या पार्श्वभूमीच्या फोटोंमध्ये मला हा दोष करड्या पडद्याहून अधिक खटकतो, कारण करडेपणा संगणकावर पुष्कळ सुधारता येतो, पण उडालेले केस परत येत नाहीत. त्यामुळे दोन दिवे असतील तेव्हा व्यक्ती पडद्यापासून दीड-दोन मीटर पुढे बसवावी आणि गालांवर मागून उजेड येत असल्यास दोन्ही बाजूंना चौकटीबाहेर काळा पुठ्ठा उभा करावा. जागेखेरीज या उपायाला काही लागत नाही.

घडीच्या रेषा दोन कारणांनी दिसतात : कापड सैल असते, किंवा प्रकाश अगदी कडेने घासून जातो. पडदा आडव्या दांड्याला थोड्या थोड्या अंतरावर चिमटे लावून ताणावा, खालच्या कडांनाही वजन द्यावे, आणि वाफेची इस्त्री फिरवावी; कृत्रिम धाग्याच्या कापडावर तापमान कमी असावे. दिवा पडद्याकडे जितका समोरून जाईल तितक्या चुण्या कमी दिसतात. शिवाय पडदा पूर्ण पांढऱ्यापर्यंत उजळला आणि दीड-दोन मीटर मागे राहून थोडा अस्पष्ट झाला, की उरलेल्या रेषा आपोआप बुजतात. निळसर छटेचे कारण पुष्कळदा कापडातच असते. अनेक पांढऱ्या कापडांत आणि धुण्याच्या पावडरींत अतिनील प्रकाशात निळसर चमकणारी द्रव्ये असतात आणि फ्लॅशच्या प्रकाशात अतिनील किरण थोडेफार असतात. पार्श्वभूमी पूर्ण पांढरी झाली की तिन्ही रंग कमाल पातळीला पोहोचतात आणि ही छटा उरत नाही.

प्रश्न : माझ्याकडे फ्लॅश नाही. खिडकीचा प्रकाश आणि घरातले एलईडी दिवे वापरून पांढऱ्या पडद्यासमोर फोटो काढले, तर सगळा फोटोच अंधारा येतो आणि काही फोटोंत आडवे पट्टे दिसतात. काय करावे?

उत्तर : कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन समोरचे दृश्य मध्यम उजळ आहे असे गृहीत धरते. चौकटीचा मोठा भाग पांढरा असला की ते एक्स्पोजर खाली आणते आणि पडद्याबरोबर चेहराही काळवंडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे हे मापन हाताने कमी-जास्त करण्याची सोय, +१ पासून सुरू करून गरजेप्रमाणे +२ पर्यंत न्यावे, किंवा चेहऱ्यावरच स्पॉट मापन (फक्त एका लहान भागाचे मापन) घ्यावे. पडदा खिडकीला काटकोनात, तिच्या एका कडेला लागून उभा करावा आणि व्यक्तीला त्याच्यापुढे, पण खिडकीपासून थोडे आत बसवावे, म्हणजे पडद्याला व्यक्तीपेक्षा जास्त उजेड मिळतो. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा बोर्ड ठेवावा. घरातले दिवे मात्र बंदच ठेवावेत : प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; दिवसाचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा, तर पिवळसर घरगुती दिवे २७०० ते ३००० केल्विनचे असतात, आणि दोन्ही मिसळले की कोणताही एक व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार कॅमेऱ्याने केलेली रंगदुरुस्ती) चेहरा व पडदा या दोहोंना लागू पडत नाही. पट्टे हे काही एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे येतात. दिवे लावणे भागच असेल, तर वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असताना शटर १/१०० किंवा १/५०, आणि ६० हर्ट्झचा असताना १/१२० किंवा १/६० ठेवावे.

प्रश्न : माझा पडदा दीड मीटर रुंद आहे. थोडे मागे सरकले की त्याच्या कडा आणि स्टँड फोटोत येतात. रुंद पडदा घेणे भाग आहे का?

उत्तर : कमरेपर्यंतच्या फोटोसाठी मुळीच नाही. शरीराची बाह्यरेषा, विशेषतः केस, खांदे आणि कोपर, यांच्या मागे सर्वत्र पडदा असला की झाले. तो भाग प्रकाशाने पूर्ण पांढरा झालेला असेल, तर स्टँड आणि खोलीचा दिसणारा भाग संगणकावर पांढऱ्या रंगाने सहज भरता येतो आणि जोड कुठेही दिसत नाही. मात्र पडद्याची कड शरीराला छेदून जाऊ देऊ नये. पायांपर्यंतच्या फोटोला हा उपाय पुरत नाही. त्यासाठी जमिनीवर पुढेपर्यंत पसरणारा पडदा लागतो, आणि २.७२ मीटर रुंदीचा कागदी रोल त्या कामाला कापडापेक्षा बरा, कारण त्याला चुण्या नसतात आणि पावलांनी मळलेला भाग कापून टाकता येतो.