कॅपच्या फेऱ्या संपल्या, नंबर लागला नाही

कॅपची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, शेवटची फेरी जाहीर झाली की माझा फोन रात्री अकरापर्यंत वाजत राहतो. प्रश्न एकच असतो : "कुठंच नंबर लागला नाही, वर्ष वाया जाणार का?" परवाही एका आईने तोच विचारला. तिला सांगितलेली गोष्ट इथे लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांचं बार्शीकडे मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. मुलीला सीईटीत 68 पर्सेंटाइल. पहिल्या एसटीने दोघं सोलापूरला माझ्याकडे प्रवेशाचा सल्ला घ्यायला आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच वडिलांनी मोबाइल पुढे केला. कुणाचा तरी क्यूआर जोडलेला मेसेज होता : संस्थास्तरावर (म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या) दोनच जागा उरल्यात, बाराच्या आत पंचवीस हजार टोकन पाठवा.

"मॅडम, पाठवू का? दहा वाजून गेले बघा."

मी म्हटलं, "दादा, आधी क्यूआर स्कॅन करा, पैसे नका टाकू. नाव कुणाचं येतंय ते बघू." स्क्रीनवर नाव आलं एका माणसाचं. कॉलेजचं नव्हतंच. कॉलेजने प्रवेश दिला तर पावती कॉलेजच्या नावाची मिळते, आणि मुदतीत प्रवेश रद्द केला तर तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 1000 रुपये कापून बाकी फी परत मिळते. त्रयस्थ माणसाच्या खात्यात टाकलेले पैसे मागायला जाणार कुठे? त्यांनी मोबाइल खिशात ठेवला खरा, पण हात खिशावरच होता.

मग मी मुलीचा कॅपमधला कॉलेज आणि शाखांच्या पर्यायांचा अर्ज मागितला. 300 पर्यंत पर्याय भरता येतात. तिने भरले होते अकरा, अकराही पुण्यातले, अकराही कॉम्प्युटरचे. नंबर न लागण्याचं कारण त्या कागदावरच होतं. त्यासाठी पोरीला नालायक ठरवायची काही गरज नव्हती.

दुसरा मुद्दा पैशाचा. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून असेल तरच. संस्थास्तरावरच्या प्रवेशाला ती सवलत नाही. हे कळेपर्यंत कितीतरी घरांनी पहिला हप्ता भरलेला असतो, म्हणून मी ते प्रत्येकाला आधी सांगते. यांच्याकडे ज्या जागेची घाई चालली होती तिची फी होती वर्षाला लाखाच्या वर, चार वर्षं.

वडिलांना मी चहा घेऊन यायला सांगितलं. ते गेल्यावर पोरीने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या उजव्या हाताच्या नखांच्या कडेला वार्निशचा तपकिरी डाग होता.

"दुकानात बसतेस?"

"कॉइल भरते. बाबांना आता बारीक तार नीट दिसत नाही."

"मग इलेक्ट्रिकल का नाही भरलंस?"

"बाबा म्हणतात, माझे हात काळे झाले, तुझे नको व्हायला." जरा थांबून म्हणाली, "आणि त्यात मुली नसतात म्हणे."

चहा आला. मी वडिलांना म्हटलं, तिला तुमच्या कामातलं काही विचारा. ते हसले. "तीन एचपीला किती वेढे टाकशील गं?" तिने उलट विचारलं, "चोवीस स्लॉटची की छत्तीस?" ते काहीच बोलले नाहीत. चहाचा कप हातात तसाच राहिला.

मग आम्ही कागदावर वाटा मांडल्या. गावातच बीएस्सी केली तरी पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पुन्हा सीईटी द्यायची तर ती कुणी द्यावी? परीक्षेच्या वेळी आजारी पडलेल्याने, किंवा नेमका कुठला विषय राहिला हे ठाऊक असलेल्याने. नुसतं "या वेळी जोर लावीन" म्हणणाऱ्याला मी ती वाट सुचवत नाही. तिसरी वाट डिप्लोमाची. बारावी सायन्स झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. दोन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात कॅपमधूनच प्रवेश, पुढे तीन वर्षं.

"म्हणजे चाराची पाच झाली. एक वर्ष मागंच पडली की," वडील म्हणाले.

"पडली," मी म्हटलं. खोटा दिलासा द्यायचा नव्हता. "पण त्या वर्षाच्या बदल्यात तिच्या हातात डिप्लोमा असेल, आणि तुमच्या डोक्यावर कर्ज नसेल."

त्यांनी मुलीकडे बघितलं. "तुला काय वाटतं?" माझ्या खोलीत त्यांनी तिला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. ती म्हणाली, "इलेक्ट्रिकल मिळालं तर जाईन."

त्या आठवड्यात सरकारी पॉलिटेक्निकच्या रिकाम्या जागांची फेरी व्हायची होती. तिथे जाताना फाइलमध्ये मूळ दाखला, दोन्ही मार्कलिस्ट, जातीचा दाखला लागतो, हे त्यांना माहीत होतं. अडलं नॉन क्रीमीलेअरवर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याच्या दाखल्यावर. जुन्याची मुदत 31 मार्चलाच संपली होती. दुपारची एसटी पकडून दोघं थेट सेतू केंद्रात गेले आणि दाखला फेरीच्या आदल्या संध्याकाळी हातात पडला. यादीत इलेक्ट्रिकलच्या तीन जागा होत्या. तिला दुसरी मिळाली.

आता ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. शनिवारी घरी आली की दुकानात बसते, आणि वडील आता तिला उठवत नाहीत.